संधिप्रकाशातला वाघ

इंदूरच्या जुन्या मराठी घरांमधून काळ्या पानांचे आल्बम अजून निघतात. कोणाचे पणजोबा होळकर सरकारात अमीन होते, कोणाचे सुभ्याच्या कचेरीत, कोणाचे जंगल खात्यात. लग्नामुंजीचे आणि गणपतीचे फोटो उलटत गेले की मध्येच एक पान असे येते, की घरातली लहान मुले तिथे थांबतात. साफे आणि सोला हॅट घातलेली माणसे, हातात रायफली, पायाशी वाघ. वाघाचे डोके कशाचा तरी टेकू देऊन उचललेले, जबडा उघडा. सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले. फोटोच्या अगदी कडेला, अर्धवट कापली गेलेली, हाक्याची माणसे. त्यांची नावे कोणी लिहिलेली नसतात.

हा फोटो पाहून आजची नातवंडे जो पहिला प्रश्न विचारतात तो नैतिक असतो: मारला कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळण्यासारखे नाही. पण मला इथे दुसरा, जरा तांत्रिक वाटणारा प्रश्न विचारायचा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या या सर्व आल्बमांत जिवंत वाघाचा एकही फोटो का नाही? रानात जाणारे लोक होते, कॅमेरे होते, पैसा होता, संस्थानांत हौसेला तर तोटाच नव्हता. तरी वाघ कागदावर उमटला तो मेल्यावर, आणि बहुधा दुसऱ्या दिवशीच्या उन्हात. याचे बरेचसे उत्तर उजेडात सापडते, आणि तेच आज सांगायचे आहे.

उजेड मोजायला लक्स नावाचे माप आहे. भर दुपारच्या उन्हात ते लाखाच्या घरात जाते. सूर्य बुडाल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास, बोटांवर मोजावे इतके उरते. पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्यात ते पाव लक्सच्या आतबाहेर असते. म्हणजे दुपार आणि चांदणी रात्र यांत काही लाख पटींचे अंतर. आपला डोळा हे अंतर सवयीने ओलांडतो, म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. वाघाचा डोळा त्याहून सरस. त्याच्या बुबुळामागच्या पडद्यापलीकडे आरशासारखा एक थर असतो. एकदा आत गेलेला उजेड तिथून परत फिरतो आणि दुसऱ्यांदा कामाला येतो. रात्री मोटारीच्या दिव्यात जनावराचे डोळे चमकतात ते यामुळेच. वाघाचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो. मचाणावर बसणारे शिकारी हे जाणत होते. रेडकू बांधायचे, तिन्हीसांजेची वाट पाहायची, पाचोळ्याचा आवाज ऐकायचा आणि उरल्यासुरल्या उजेडात खांद्याची रेघ दिसली की चाप ओढायचा. गोळीला तेवढा उजेड पुरत असे. कॅमेऱ्याला पुरत नसे.

किती पुरत नसे, याची कल्पना यावी म्हणून त्या वेळची काच पाहू. १८८० च्या आधी छायाचित्रकार कलोडियन लावलेली काचेची प्लेट ओली असतानाच कॅमेऱ्यात घालत आणि ती वाळण्याच्या आत धुऊन काढत. अंधारी खोली म्हणून तंबू बरोबर न्यावा लागे. म्हणजे बैलगाडी आली, माणसे आली, रसायनांचा वास आला. चांगल्या उन्हातसुद्धा काही सेकंद पडदा उघडा ठेवावा लागे. एवढा सरंजाम ऐकून वाघ कुठल्या कुठे गेलेला असायचा. पुढे जिलेटिनच्या कोरड्या प्लेटी आल्या, काम सोपे झाले, उन्हात सेकंदाच्या अंशात चित्र मिळू लागले. पण या साध्या प्लेटींचा आणखी एक दोष होता, आणि वाघाच्या बाबतीत तो विशेष नडला. त्यांना निळा-जांभळा उजेड तेवढा नीट दिसे. पिवळा, नारिंगी, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. आता विचार करा. वाघ पिवळा-नारिंगी. संध्याकाळचा उजेड पिवळा-तांबडा. सागाची पिकली पाने, वाळलेले गवत, सगळे त्याच रंगातले. ज्या घटकेला रान आपल्याला सोन्यासारखे दिसते, त्याच घटकेला ती प्लेट आंधळी होई. गंमत अशी, की चितळ-सांबराच्या डोळ्यालाही नारिंगी रंग वेगळा कळत नाही. वाघ त्यांना हिरवळीतच विरलेला दिसतो. चितळ फसे ते रंगामुळे, तशीच ती काचही फसे.

म्हणूनच १८७१ साली निघालेल्या जेम्स फोर्सिथच्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकात आपले निमाडचे रान आहे, वाघ आहेत, बारकावे आहेत. चित्रे मात्र हाताने काढलेली. त्याला दुसरा इलाज नव्हता.

याच काळात इंदुरात एक गोष्ट घडत होती. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इथल्या कचेरीत १८६६ पासून एक तरुण आराखडे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर होता. सरधन्याचा जन्म, रुडकीच्या थॉमसन कॉलेजचे शिक्षण, नाव दीन दयाळ. १८७४ साली त्याने छायाचित्रण हाती घेतले. मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली आणि महाराज तुकोजीराव दुसरे, या दोघांनी त्याला उत्तेजन दिले. पुढे लेपेल ग्रिफिनबरोबर मध्य भारतात हिंडून त्याने वास्तूंची जी चित्रे घेतली ती पुस्तकरूपाने गाजली. नंतर तो हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि राजा दीन दयाळ झाला. हिंदुस्थानातल्या सर्वांत नामांकित छायाचित्रकाराची उमेदवारी आपल्या गावात झाली, हे आपण फारसे सांगत नाही. लालबाग, राजवाडा, माणिकबाग सांगतो. हे राहून जाते.

दीन दयाळांच्या कामात शिकारीचे फोटोही भरपूर आहेत. वास्तू टिपणाऱ्या माणसाची नजर त्यांत दिसते: प्रत्येक जण जागच्या जागी, प्रत्येक सावली मोजून. १९०२ साली वरंगळकडे नेकोंड्याला व्हाइसरॉय कर्झन आणि लेडी कर्झन यांचा मारलेल्या वाघासह घेतलेला फोटो आजही पुस्तकांतून छापला जातो. असा फोटो चांगला येई, कारण त्यात सगळे स्थिर असे. साहेबांना हलू नका म्हणता येई. वाघाला सांगावे लागत नसे.

माझे म्हणणे एवढेच, की शिकारीच्या फोटोची ती ठरलेली बैठक केवळ मिजाशीतून आलेली नाही. मिजास होतीच, तिला काचेची मर्यादा सोयीची पडली. मेलेले जनावर उन्हात आणता येते आणि ते हलत नाही. ज्या यंत्राला भरपूर उजेड आणि संपूर्ण स्थैर्य हवे, त्याला रानातले दुसरे काही टिपताच येत नव्हते. त्यामुळे दोन पिढ्यांनी वाघ पाहिला तो असाच, डोळ्यांत प्राण नसलेला. रालामंडलच्या टेकडीवरची शिकारकोठी पाहायला आपण मुलांना नेतो, तेव्हा हेही सांगावे: इथे येणाऱ्यांनी जिवंत जनावर पुष्कळ पाहिले, पण दाखवायला आणले ते फक्त मेलेले.

मग कोणाच्या तरी डोक्यात आले, की रानात उजेड नाही तर आपण तो घेऊन जावा. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची चमकपूड निघाली. चिमूटभर पूड पेटवली की डोळे दिपवणारा लोळ उठे, धूर होई आणि सेकंदाच्या अंशापुरती रात्रीची दुपार होई. अमेरिकेत मिशिगनच्या तळ्याकाठी जॉर्ज शायरस नावाचा वकील होता, पुढे काही काळ तिथल्या लोकसभेचा सभासदही झाला. तिथले मूळ रहिवासी होडीच्या नाळेवर जाळ करून हरणे मारीत. हरीण उजेडाकडे टक लावून उभे राही. शायरसने होडी तीच ठेवली, जाळाच्या जागी दिवा आणला आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा. नंतर तो आणखी पुढे गेला: वाटेवर दोरी ताणून ठेवायची, हरणाचा पाय अडकला की पूड पेटेल आणि हरीण आपला फोटो आपणच काढील. १९०६ च्या जुलैत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याची चौऱ्याहत्तर चित्रे एका अंकात छापली. काळोखात पाणी पिणारी हरणे लोकांनी तोवर पाहिलीच नव्हती.

त्याच सुमारास जर्मन पूर्व आफ्रिकेत शिलिंग्ज हा गृहस्थ सिंहांचे असे फोटो घेत होता. १९०५ सालच्या त्याच्या पुस्तकाच्या नावात चमकप्रकाश आहे आणि रायफलही आहे. एका हातात हे, दुसऱ्या हातात ते. संक्रमणकाळातली माणसे अशीच असतात.

हिंदुस्थानात रायफल खाली ठेवून हे काम करणारा माणूस म्हणजे फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन. संयुक्त प्रांताच्या जंगल खात्यातला अधिकारी. ज्यांच्या घरी कोणी वनशास्त्र शिकले असेल त्यांना चॅम्पियन हे नाव भारतातील वनांच्या वर्गीकरणामुळे ठाऊक असेल. तो हॅरी चॅम्पियन, याचा भाऊ. फ्रेडरिक शिवालिकच्या पायथ्याच्या रानांत काम करी. त्याचा मार्ग शायरसचाच, पण जनावर वेगळे आणि हवा वेगळी. दवाने पूड ओली होते. पावसाळी दमटपणात भिंगावर बुरशी चढते. तार फार खाली ताणली तर साळिंदर येऊन ती ओढते आणि रात्रभराची मेहनत एका साळिंदराच्या तसबिरीवर संपते. फार वर ताणली तर वाघ खालून निघून जातो. वाघ कोणत्या वाटेने, कोणत्या बाजूने, किती जवळून जाईल हे पायांचे ठसे वाचून ठरवायचे. एका रात्रीला एकच संधी, कारण पूड एकदाच पेटणार. सकाळी जाऊन पाहायचे: तार तुटलेली, काच उघडी पडलेली, पण तिच्यावर कोण आहे हे धुतल्याशिवाय कळणार नाही.

हे सगळे कसब शिकाऱ्याचे होते, हे ध्यानात घ्या. माग काढणे, वाऱ्याची दिशा पाहणे, वाट ओळखणे, धीर धरणे. त्याने शिकाऱ्याची विद्या घेतली आणि शेवटची एक कृती बदलली. १९२५ च्या ऑक्टोबरात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्याचे वाघ पहिल्या पानावर छापले. १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्याचे पुस्तक निघाले. त्या चित्रांतला वाघ चालत असतो. कान किंचित मागे, पाऊल अर्धे उचललेले, भोवती पूर्ण काळोख. आल्बममधल्या वाघाला वजन आहे, पण चाल नाही; ती चाल पहिल्यांदा इथे दिसली.

चॅम्पियनच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली, आणि माझ्या मते त्याच्या चित्रांपेक्षाही ती मोठी. निरनिराळ्या रात्रींचे फोटो शेजारी ठेवल्यावर त्याला दिसले, की कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नाहीत. फोटोवरून वाघ ओळखता येतो. हा परवाचा, हा त्या दुसऱ्या ओढ्याचा. शिकारीत वाघाची लांबी मोजत, फूट आणि इंच लिहीत. जंगलाच्या नोंदीत तो एक आकडा असे. आता प्रत्येक वाघ वेगळा झाला. ही गोष्ट कामाला यायला मात्र साठ-सत्तर वर्षे जायची होती.

मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीच्या जिम कॉर्बेटने कॅमेरा हाती घेतला तो चॅम्पियनची चित्रे पाहून. त्याला चलच्चित्र हवे होते, म्हणजे दिवसाउजेडी काम करणे भाग. इथे अडचण उजेडापेक्षा आवाजाची झाली. यंत्राची घरघर वाघाला लगेच ऐकू जाई. कॉर्बेटने एका ओढ्यावर छोटे छोटे बांध घातले आणि पडणाऱ्या पाण्याच्या खळखळाटात घरघर लपवली. नरभक्षकांच्या गोष्टी आपण पुन्हा पुन्हा वाचतो. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’च्या शेवटी ही हकीगत आहे, तीही जरूर वाचावी, त्या माणसाची खरी ओढ कुठे होती ते तिथे कळते.

जाता जाता एक शब्दांची गोष्ट. मराठीत फोटोला दोन नावे आहेत: छायाचित्र आणि प्रकाशचित्र. दुसरे आता मागे पडले. रानातल्या कामापुरते बोलायचे तर दोन्ही हवेत. चॅम्पियनचे ते प्रकाशचित्र: उजेड त्याने आणला, जनावरावर टाकला. आणि असलेल्या उजेडावर भागवून, सावलीला सावलीच राहू देऊन जे काढतात ते छायाचित्र. पुढचा इतिहास या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

स्वातंत्र्यानंतर शिकार लगेच थांबली नाही. परवान्यावर आणि परदेशी पाहुण्यांसाठी ती पुष्कळ चालली. संस्थानिकांचा धाक गेला, जीपगाड्या आणि झगझगीत विजेऱ्या आल्या. उजेड न्यायची तीच युक्ती आता मारण्यासाठी फार स्वस्त झाली. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. कान्हा पहिल्या यादीतच होते.

मग प्रवासी कॅमेरे घेऊन आले. फ्लॅशला बहुतेक अभयारण्यांत मनाई, सूर्यास्ताला फाटक बंद. जे काही टिपायचे ते पहाटेच्या आणि सांजेच्या अर्ध्या-पाऊण तासात, असेल त्या उजेडात. चारशे वेगाची फिल्म त्या काळी जलद समजत. तीही सालाच्या झाडीत अपुरी पडे. २००७ च्या सुमारास जे डिजिटल कॅमेरे निघाले त्यांनी चित्र पालटले. चारशेच्या जागी सहा हजार चारशे, म्हणजे सोळाव्या हिश्श्याचा उजेड पुरू लागला. आज आपल्या राजेंद्रनगर-सुदामानगरातली मुले कान्ह्याहून जे फोटो आणतात, तसे घेणे कर्झनच्या छायाचित्रकाराला शक्यच नव्हते.

जे जाणार असतील त्यांच्यासाठी थोडे कामाचे. पहाटे फाटकातून आत शिरताना झाडीखाली उजेड बोटांवर मोजण्याइतका असतो. लांबच लांब भिंगापेक्षा मोठ्या छिद्राचे भिंग उपयोगी. दोन-आठचे भिंग पाच-सहाच्या भिंगाहून चौपट उजेड आत घेते. जिप्सीच्या दांडीवर धान्य भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकवा आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा. निम्मे हादरे तिथेच संपतात. उभ्या वाघाला सेकंदाचा साठावा भागही चालतो. चालणाऱ्या वाघाला अडीचशेवा हवा, किंवा मग त्याच्या चालीबरोबर कॅमेरा फिरवत न्या आणि पाय पुसट आले तर येऊ द्या. पुसट पाय हाही खरेपणाच आहे. आणि ऐका. भेकर ओरडले, वानराने खोकल्यासारखा इशारा दिला, की त्या दिशेला कॅमेरा आधीच लावून ठेवा. चॅम्पियनचा पाठ यात अजून जसाच्या तसा लागू आहे.

एक तक्रारही नोंदवतो. घरी आल्यावर संगणकावर रात्रीचा दिवस करण्याची जी चाल पडली आहे ती मला पटत नाही. यंत्राने दाणे पुसले, काळोख उजळला, वाघ सोन्यासारखा चकाकू लागला. पण ती पावणेसहाची वेळ होती, दव होते, दोन हातांपलीकडचे दिसत नव्हते, हे सगळे गेले. ज्या उजेडात जनावर जगते तो उजेड चित्रात नसेल, तर ते पिंजऱ्यातल्या जनावराच्या फोटोहून फार वेगळे नाही. काही वर्षे बफर क्षेत्रांतून रात्रीच्या सफारी चालवल्या गेल्या, टॉर्चचे झोत फिरले. डोळे दिपलेले जनावर काही क्षण उभे राहते, म्हणून फोटो मिळतो. मिशिगनचे हरीणही तसेच उभे राहत असे. उजेडाने जनावराला खिळवून ठेवणे ही शिकारीची जुनी युक्ती आहे. हातात काय आहे एवढाच काय तो फरक.

या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा अंधारातला फोटो मात्र कोणा हौशी माणसाने काढलेला नाही. चॅम्पियनची तार आणि पट्ट्यांची ओळख, दोन्ही एकत्र करून १९९० च्या दशकात उल्लास कारंथ यांनी नागरहोळेत वाघ मोजायला सुरुवात केली. वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे. कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात, एकाच बाजूने पाहिले तर एकाचे दोन होतील. किती वाघ पुन्हा पुन्हा येतात आणि किती नवे दिसतात, त्यावरून गणिताने एकूण संख्या काढायची. तोवर आपल्याकडे गणती पावलांच्या ठशांवरून चाले. काचेवर ठसा गिरवायचा, कागदावर उतरवायचा, अनुभवी माणसाने सांगायचे की हा कोणाचा. चांगल्या हातात ती विद्या होती. कचेरीत तिचा आकडा झाला, आणि आकडा कमी दाखवणे कोणाच्याच सोयीचे नव्हते.

त्याची किंमत किती होती ते २००५ च्या आरंभी कळले. राजस्थानात सरिस्क्याला कागदावर वाघ होते, रानात एकही नव्हता. मग २००९ साली आपल्याच प्रदेशात, पन्नामध्ये, तीच गोष्ट. तिथे नंतर बांधवगड आणि कान्ह्याहून वाघिणी नेल्या, पेंचहून वाघ नेला, आणि आज पन्ना पुन्हा भरले आहे. पण आधी ते रिकामे झाले होते हे विसरता कामा नये. मोजणीच्या जागी समजूत बसली की काय होते, त्याचे हे उदाहरण दूरचे नाही. इंदूरहून गाडीने एका दिवसात गाठता येण्यासारखे आहे.

त्यानंतर देशभर कॅमेऱ्यांची मोजणी रुळली. २०१८ च्या गणतीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रे घेतली. त्यांपैकी वाघाची ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७. बाकी काय होते? हरणे, डुकरे, गाईगुरे, गवत, माणसे, आणि साळिंदरे. चॅम्पियनला ऐकून समाधान वाटले असते. या चित्रांतून २,४६१ वाघ पट्ट्यांवरून एकेक करून ओळखले गेले, देशात २,९६७ असल्याचा अंदाज निघाला, आणि ५२६ वाघांसह मध्य प्रदेश पहिला आला. २०२२ च्या गणतीत आपला आकडा ७८५ झाला. या आकड्यांवर वाद असतात, असावेतही. पण आता वाद घालायला प्रत्येकाच्या हाती चित्र आहे.

हे फोटो दिसायला अगदी सामान्य. रात्रीचे बरेचसे करडे, काही फ्लॅशने पांढरे पडलेले, अर्धे शेपूटच, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. प्रदर्शनात कोणी लावणार नाही. तरी आल्बममधल्या त्या झोकदार फोटोपेक्षा मला हे फोटो वाघाच्या जास्त बाजूचे वाटतात, कारण हा वाघ इथे, या रात्री, जिवंत होता एवढेच ते सांगतात.

आणि हे सगळे दूर कुठे कान्ह्या-बांधवगडातच चालते असे समजू नका. २०२३ च्या मे महिन्यात महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात रात्री एक वाघ सीसीटीव्हीत दिसला. पातालपाणी, चोरल, जानापाव, जिथे आपण पावसाळ्यात डबे घेऊन जातो, ते सगळे त्याच्या एका रात्रीच्या चालीतले. देवास-सिहोरकडच्या खिवनी अभयारण्यात वाघ आहेत. निमाडचे आणि नेमावरचे रान, जिथे आपल्या आल्बमांतले वाघ पडले, ते अजून पुरते मुके झालेले नाही.

इथेच त्या काळ्या पानांच्या आल्बमांकडे परत यायला हवे, आणि हे मी विनंती म्हणून लिहितो. रामबाग, नारायणबागेतले वाडे पडत आहेत, फ्लॅट लहान आहेत, आणि मेलेल्या वाघाचा फोटो भिंतीवर लावायची आता कोणाला लाज वाटते, कोणाला भीती. तो रद्दीत जातो. जाऊ देऊ नका. ज्या फोटोत कूस स्वच्छ दिसते त्यात त्या वाघाचे पट्टे आहेत. ज्याच्या मागे गावाचे नाव आणि साल आहे, तो त्या रानात त्या वर्षी वाघ असल्याचा पुरावा आहे. मध्य भारतातल्या संस्थानी रानांत कोणत्या ओढ्यापर्यंत वाघ होता, हे सांगणारे कागद थोडे. तुमच्या कपाटातला फोटो त्यांपैकी एक असू शकतो. कडेला उभ्या असलेल्या भिल्ल, बारेला, कोरकू हाकेवाल्यांपैकी एखाद्याचे नाव घरातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल, तर ते आज विचारा. उद्यावर टाकू नका.

फोटो पानावरून ओढून काढू नका, जुना डिंक कागद फाडतो. पानासकट खिडकीशी न्या, ऊन थेट पडू न देता, आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून त्याची प्रत घ्या. चकाकी येणार नाही. मूळ फोटो सुटा असेल तर मागे मऊ शिसपेन्सिलीने गाव, साल, माणसे आणि ज्याने सांगितले त्याचे नाव लिहा. बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. साल नक्की नसेल तर कोणाच्या लग्नाआधीचे की नंतरचे, एवढे जरी लिहिले तरी पुढचा माणूस त्यावरून काढील.